घडाघडा वाचतो, पण कळत नाही: इंग्रजी नवीन असलेल्या मुलांना वाचन शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राथमिक वर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षिकेच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही. त्यांनी फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांना आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचं, प्रशिक्षण घेतलं आहे. तरीही काही मुलं अक्षरांतच अडकली आहेत, आणि काही घडाघडा वाचतात पण वाचलेलं सांगता येत नाही. आता आणखी कोणता कोर्स करावा, पालकांना घरी इंग्रजी बोलायला सांगावं का, आणि इयत्तेच्या पुस्तकाचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

कोर्सचं नंतर बोलू. त्याआधी एक कौशल्य कमवावं लागेल, आणि ते प्रमाणपत्राबरोबर आपोआप मिळत नाही: मूल वाचताना अडखळलं की ते अक्षरावर अडखळलं की भाषेवर, हे कानाने ओळखणं. तुम्ही ज्या दोन गटांचं वर्णन केलंत त्यांची अडचण एक नाही. एकाच तासात, एकाच पद्धतीने दोघांना पुढे नेऊ पाहिलं तर दोन्ही गट होते तिथेच राहतात.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिपी उलगडता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. गुणाकार मुद्दाम म्हटलंय, कारण एक बाजू शून्यावर असली की दुसरी कितीही वाढवली तरी उत्तर शून्यच येतं. इंग्रजी ही ज्याची घरची भाषा आहे ते मूल शाळेत येतं तेव्हा त्याची दुसरी बाजू बरीच तयार असते. हजारो शब्द कानावरून गेलेले असतात, वाक्याची घडण अंगवळणी पडलेली असते. फोनिक्सचे बहुतेक कार्यक्रम अशा मुलांसाठी बनलेले आहेत. ते फक्त पहिल्या बाजूवर मेहनत घेतात आणि त्या मुलांना तेवढं पुरतं. आपल्या मुलांना तोच कार्यक्रम जसाच्या तसा दिला की पहिली बाजू वाढते, दुसरी जिथल्या तिथे राहते. तुमची घडाघडा वाचणारी मुलं ही त्याचीच निर्मिती आहेत. त्यांच्यात काही बिघडलेलं नाही. त्यांना जे शिकवलं ते ती शिकली आहेत.

ओळखायचं कसं? मुलाने आधी न पाहिलेला शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्या. त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही आपल्या प्रतीवर खुणा करायच्या, मध्ये तोंड घालायचं नाही. मग पुस्तक मिटून 'काय वाचलंस ते सांग' म्हणायचं, आणि सांगायला भाषेची अट ठेवायची नाही. घरच्या भाषेत सांगू दे, चित्र काढू दे, अभिनय करू दे. ही सवलत दिली नाही तर तुम्ही आकलन तपासायला बसता आणि प्रत्यक्षात त्याचं इंग्रजी बोलणं तपासून उठता. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अवघड असा दुसरा उतारा घ्या, पण या वेळी तुम्ही वाचून दाखवा आणि तसंच सांगायला लावा.

ऐकलेलं समजलं आणि वाचलेलं समजलं नाही, तर मेहनत अक्षरांवर घ्यायची. वाचन सुरळीत, पण ऐकलेलंही समजलं नाही, तर प्रश्न भाषेचा आहे आणि त्या मुलाला आणखी फोनिक्स देणं म्हणजे वेळ घालवणं. दोन्हीकडे अडलं तर दोन्ही बाजू, पण वेगवेगळ्या तासांना.

आता खुणांकडे या. खरं सोनं तिथे आहे. 'हॉर्स'च्या जागी 'हाउस' वाचणारं मूल पहिलं आणि शेवटचं अक्षर पाहून मधला भाग अंदाजाने भरतंय. त्याची नजर शब्दाच्या पोटातून जात नाही. 'हाउस'च्या जागी 'होम' वाचणाऱ्याला अर्थ लागलाय, अक्षरं सुटली आहेत. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे अंगात घालायचा कपडा, हे दोन्ही शब्द एकसारखे उच्चारणारं मूल मात्र कदाचित बिनचूक वाचतंय. मराठीत एकच 'व' आहे, त्यामुळे तो फरक त्याच्या तोंडात नाही. उच्चाराची ढब ही वाचनाची चूक नव्हे, आणि शिक्षकाच्या तपासणीत सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. शंका असेल तर दोन चित्रं समोर ठेवून शब्द वाचायला आणि बोट ठेवायला सांगा. तसंच 'वॉक्ड' लिहिलेलं असताना 'वॉक' वाचणारं मूल. त्याला विचारा, हे झालं की व्हायचंय? 'झालं' म्हणाला तर भूतकाळ कळलाय, शेवटचा आवाज तोंडातून आला नाही इतकंच. मँडरिन बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार दिसतं, कारण त्या भाषेत शब्दाच्या शेवटी व्यंजनं मोजकीच येतात.

अर्थ नसलेले बनावट शब्द वाचायला देणं हाही एक उपयोगी मार्ग आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून 'इयर वन'च्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या, मुलांची फोनिक्स चाचणी होते. तिच्या ४० शब्दांपैकी २० असेच बनावट असतात. इंग्रजी नवीन असलेल्या मुलाला यात तोटा होत नाही, कारण ते शब्द कोणालाच माहीत नसतात. पण ही चाचणी गुणाकाराच्या एकाच बाजूबद्दल बोलते, हे विसरून निकालावर खूश होऊ नका.

अक्षरांच्या बाजूची बातमी चांगली आहे. कॅनडात नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये नोनी लेसॉ आणि लिंडा सीगल यांनी मुलांचा बालवाडीपासून पाठपुरावा केला. घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं दुसरीपर्यंत शब्द वाचण्यात इंग्रजीभाषक मुलांच्या बरोबरीला आली होती. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ध्वनी ओळखण्याचं काम बालवाडीतच पद्धतशीर सुरू झालेलं होतं. म्हणून 'आधी बोलायला येऊ दे, मग वाचायला शिकवू' हा सल्ला मी देत नाही. अक्षरओळख थांबवून ठेवायचं कारण नाही. दोन्ही कामं पहिल्या महिन्यापासून शेजारीशेजारी चालावीत.

फक्त शिकवण्यात तीन-चार बदल हवेत. पहिला ध्वनींबद्दल. इंग्रजीत २६ अक्षरं आणि साधारण ४४ ध्वनी आहेत, आणि त्यातले काही तुमच्या मुलांच्या कानाला वेगळे ऐकूच येत नाहीत. स्पॅनिशमध्ये स्वर पाच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ 'इ'च्या फरकावर बोलण्यात अर्थ क्वचितच अवलंबून असतो, म्हणून जहाजाचा 'शिप' आणि मेंढीचा 'शीप' मुलांना एकच वाटतात. अरबी बोलणाऱ्याला 'प' आणि 'ब', जपानी बोलणाऱ्याला 'र' आणि 'ल'. जो फरक ऐकू येत नाही तो अक्षराला जोडणार कसा? म्हणून असे ध्वनी अक्षर दाखवण्याच्या आधी दोन-चार दिवस कानाने खेळवा: मी शब्द म्हणते, तू चित्राकडे बोट दाखव. मुलाच्या तोंडून अचूक उच्चार येईपर्यंत अडवून ठेवायची गरज नाही. ऐकून वेगळं करता आलं की वाचनापुरतं भागतं.

इथे मराठी येणाऱ्या शिक्षकाकडे एक तयार शिदोरी आहे, जिचा उपयोग फार कमी जण करतात. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार लावलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. जीभ कुठे टेकते याचा विचार आपण लहानपणीच शिकलो. तोच वापरा. इंग्रजीचा 'टी' आपल्या 'ट'पेक्षा पुढे, दातांच्या मागच्या हिरडीवर लागतो. 'थिंक'मधल्या सुरुवातीच्या आवाजाला जीभ दातांच्या मध्ये येते आणि हवा घासत बाहेर पडते, आपल्या 'थ'सारखी अडून सुटत नाही. आरसा द्या, मुलं पाहून करतात.

दुसरी गोष्ट हलन्ताची. देवनागरीच्या सवयीमुळे आपण इंग्रजी व्यंजन शिकवतानाही त्यात 'अ' मिसळतो: 'ब, ॲ, ट'. मग मूल ते जोडतं आणि 'बअॅटअ' असं काहीतरी म्हणून तुमच्याकडे बघत राहतं. जोडून शब्द होत नाही, कारण आपणच त्यात दोन जादा स्वर घातले. 'ब्, ॲ, ट्' असं पाय मोडून म्हणायला हवं. ज्या मुलांना देवनागरी येते त्यांना फळ्यावर पाय मोडलेलं अक्षर काढून दाखवा, लगेच कळतं. 'स्', 'म्', 'फ्' हे लांबवता येणारे आवाज आधी घ्या. ते ओढत ओढत पुढच्या स्वराला जोडता येतात. 'ब्', 'ट्', 'क्' थोडे नंतर.

देवनागरी किंवा त्या कुळातली लिपी शिकून आलेल्या मुलांची आणखी एक खासियत आहे. ती शब्द अक्षरा-अक्षराने तोडण्यात पटाईत असतात, पण अक्षराच्या आतले सुटे ध्वनी वेगळे करणं त्यांना उशिरा जमतं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या कामात, २००७ साली, हेच समोर आलं होतं. त्यामुळे 'स्टॉप'मध्ये आवाज किती, असं विचारलं की उत्तर दोन येतं. हवे असतात चार. हे मंदपणाचं लक्षण नाही, लिपीचं वळण आहे. गोट्या, बटणं काहीही घ्या, एका आवाजाला एक सरकवा. आणि हो, जे मूल एका लिपीत वाचतं त्याला वाचन म्हणजे काय हे पुन्हा शिकवायचं नसतं. खुणांना आवाज असतो, आवाज जोडून शब्द होतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याला धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा: एका खुणेला एकच आवाज, हा त्याचा विश्वास इंग्रजी मोडते. युरोपातल्या १३ भाषांत पहिलं वर्ष संपताना मुलं किती वाचतात, याची तुलना २००३ मध्ये फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. बहुतेक भाषांत सोपे, नेहमीचे शब्द नव्वद टक्क्यांहून अधिक बरोबर वाचले जात होते. इंग्रजीत ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. आणि ती मुलं इंग्रजीभाषक होती. तेव्हा तुमच्या मुलांना वेळ लागतोय म्हणून घाबरू नका.

तिसरा बदल माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. फोनिक्सच्या पुस्तकांत 'व्हॅट' (मोठं पिंप), 'हेम', 'जट', 'रिग' असे शब्द सर्रास असतात. अक्षरं सोपी, पण शब्द मुलाने आयुष्यात ऐकलेला नाही. इंग्रजीभाषक मूल शब्द जोडून वाचतं आणि अर्थ आपोआप दारात उभा असतो. आपल्या मुलाला तिथे काहीच मिळत नाही, आणि काही महिन्यांत त्याची समजूत होते की इंग्रजी वाचणं म्हणजे आवाज काढणं. घडाघडा वाचून काही न कळणं ही सवय तिथे लागते. म्हणून वाचायला द्यायचा प्रत्येक शब्द आधी तोंडी ओळखीचा करा. वस्तू, चित्र, कृती, घरच्या भाषेतला शब्द, काहीही चालेल; अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जो शब्द असा ओळखीचा करता येणार नाही तो यादीतून काढून टाका. 'व्हॅट' नाही वाचला तर काही अडत नाही.

याचा दुसरा फायदाही आहे. इंग्रजीत अक्षरं प्रामाणिकपणे जोडून अनेकदा उच्चार जवळपासच येतो, नेमका येत नाही. लांडग्याचं स्पेलिंग वाचून मूल 'वॉल्फ' म्हणतं. 'वुल्फ' हा शब्द त्याने ऐकलेला असेल तर ते स्वतःच सुधारतं. ऐकलेला नसेल तर 'वॉल्फ'च पक्का होतो. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलं की वाचक बहुतेक शब्द असे स्वतःचे स्वतः शिकतो. हे स्वयंशिक्षण तोंडी शब्दसाठ्यावर चालतं. साठा नसेल तर ते सुरूच होत नाही.

अवघड स्पेलिंगचे नेहमीचे शब्दही नुसते घोकून घेऊ नका. 'सेड'मध्ये पहिला आणि शेवटचा आवाज सरळ आहे, फक्त मधली 'ए-आय' ही जोडी वाकडी आहे. वाकडं तेवढं दाखवा. जोडव्यंजनं, 'एस-एच'सारख्या जोड्या, शेवटचा मुका 'ई' वगैरेंचा क्रम कोणत्याही बऱ्या कार्यक्रमात मिळेल आणि तुम्ही तो शिकलाच आहात.

एक पोटप्रश्न नेहमी येतो: इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यावा का? तुमच्या स्वतःच्या टिपणात जरूर लिहा. मुलाच्या पुस्तकात नको. मूल मग देवनागरीच वाचतं, आणि त्याची नजर इंग्रजी अक्षरांवरून फिरतच नाही. शब्द कायमचा ओळखीचा व्हायला अक्षर आणि आवाज यांची गाठ मनात पडावी लागते. आपण मध्ये आडपडदा टाकतो.

आता गुणाकाराची दुसरी बाजू, म्हणजे भाषा समजणं, जी लांब चालते. २००६ साली अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या एका तज्ज्ञ समितीने, डायान ऑगस्ट आणि टिमथी शॅनहन यांच्या संपादनाखाली, अशा मुलांच्या साक्षरतेवरचं सगळं संशोधन चाळलं. ध्वनीची जाण, फोनिक्स, ओघ (न अडखळता सहज वाचणं), शब्दसंपत्ती, आकलन या पाचही गोष्टी या मुलांनाही उपयोगी पडतात, असं त्यांना दिसलं; पण तोंडी इंग्रजीवर वेगळी मेहनत नसेल तर शब्दवाचनात बरोबरीला आलेली मुलं आकलनात मागे राहतात. म्हणजे तुमचा दुसरा गट.

शब्दसंपत्ती म्हटली की लोक शब्दांच्या याद्या काढतात, त्याही नामांच्या. नामं ही सोपी बाजू आहे, चित्र दाखवलं की झालं. अडतं ते बारीक शब्दांवर: 'अनलेस', 'ऑलदो', 'इन्स्टेड', 'इदर'. त्यांचं चित्र काढता येत नाही आणि वाक्याचा अर्थ मात्र तेच फिरवतात. त्यानंतर नेहमीचे शब्द नव्या अर्थाने येतात. 'टेबल' म्हणजे फर्निचर हे माहीत असलेलं मूल गणितात आकड्यांचं 'टेबल' पाहून गोंधळतं. 'व्हॉल्यूम' आवाजाचा की घनफळाचा? आणि मग वाक्याची घडण. 'द बॉय हू चेस्ड द डॉग फेल'. कोण पडलं, असं विचारा. भरपूर मुलं 'कुत्रा' म्हणतात, कारण 'डॉग' आणि 'फेल' शेजारी आहेत. प्रत्येक शब्द माहीत आहे, वाचलंय बिनचूक, तरी अर्थ उलटा लागला. अशी वाक्यं रोज एक घ्या. पट्टीवर लिहून कात्रीने तुकडे करा, 'हू चेस्ड द डॉग' बाजूला काढा, उरलेलं वाचा. पाच मिनिटांत जे उमगतं ते व्याकरणाच्या नियमाने उमगत नाही.

पद्धत म्हणून मला एक गोष्ट सगळ्यात टिकाऊ वाटते: आठवडाभर एकच छोटा, सकस उतारा. त्यातले पाच-सहा शब्द निवडायचे, जे इतर विषयांतही पुन्हा भेटतील असे, आणि तेच रोज ऐकायचे, बोलायचे, वाचायचे, शेवटी लिहायचे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच आहे: निवडक शब्दांवर अनेक दिवस, अनेक प्रकारे सखोल काम, आणि ते विषयाच्या शिकवण्यातच मिसळून. ती मार्गदर्शिका इंटरनेटवर मोफत आहे. मोठं पुस्तक घेण्याआधी ती वाचा.

मुलांच्या तोंडचा मजकूर हेही एक जुनं आणि भरवशाचं साधन आहे. वर्गात सगळ्यांनी मिळून काहीतरी करा, बी पेरा, प्रयोग करा. मुलं सांगतील, तुम्ही त्यांची वाक्यं थोडी सावरून फळ्यावर लिहा, आणि तोच त्या दिवसाचा धडा. अर्थ आधीच त्यांचा असल्यामुळे गुणाकाराची दुसरी बाजू त्या पानापुरती तरी भरलेली असते. मोठ्या वयात इंग्रजीकडे आलेल्या मुलांसाठी तर हे वरदान आहे, कारण बारा वर्षांच्या मुलाला मांजर चटईवर बसल्याची गोष्ट द्यायला आपल्यालाच संकोच वाटतो.

विषय उड्या मारत बदलू नका. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी दाखवलं की बेसबॉलची माहिती असलेली पण वाचनात कच्ची मुलं बेसबॉलवरचा उतारा, वाचनात पक्क्या पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा चांगला समजून घेतात. माहिती भाषेला आधार देते. तीन आठवडे एकाच विषयावरचं वाचन ठेवलं की तेच शब्द फिरून फिरून भेटतात, आणि चौथा उतारा पहिल्यापेक्षा अवघड असूनही सोपा जातो.

स्वतंत्र वाचनासाठी पुस्तक कितपत सोपं हवं? कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असं हू आणि पॉल नेशन यांचं २००० सालचं काम सांगतं. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. एवढी सोपी पुस्तकं आपण मुलांना जवळजवळ कधीच देत नाही. फिजीमध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी ग्रामीण शाळांतले वर्ग गोष्टींच्या आकर्षक पुस्तकांनी भरून टाकले होते. नेहमीच्या पाठांवर चाललेल्या वर्गांपेक्षा ती मुलं वाचनात आणि ऐकून समजण्यात पुढे गेली. १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि त्याचं मला आजही फारसं आश्चर्य वाटत नाही.

ओघाबद्दल एवढंच: मिनिटाला किती शब्द, हा आकडा या मुलांच्या बाबतीत फसवा आहे. अर्थ न लावता वाचणारा वेगात जिंकतो. तोच उतारा तीन-चारदा वाचणं, सगळ्यांनी एका सुरात वाचणं, नाटकासारखं वाचणं चांगलं; घड्याळाची शर्यत नको.

किती दिवस लागतील, हे मुख्याध्यापक विचारतीलच. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून केलेली मांडणी इथे उपयोगी पडते. मैदानावरचं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं; पुस्तकी, अभ्यासाची भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मैदानावर फाडफाड बोलणारं मूल वर्गात अडतं तेव्हा आळशी ठरतं, ते या फरकामुळे.

पण म्हणून प्रत्येक अडचण भाषेच्या खाती टाकून वाट पाहत बसायचं नाही. तुलना योग्य मुलाशी करा: तीच घरची भाषा, इंग्रजीशी तेवढाच काळ संबंध, तेच शिकवणं. अशा सोबत्यांना अक्षरं जुळायला लागली आणि एकाला नाहीच, तर लक्ष द्या. घरच्या भाषेतही यमक ओळखणं, शब्द तोडणं, वस्तूंची नावं पटापट सांगणं जड जातं का, ते पालकांकडून किंवा ती भाषा येणाऱ्याकडून पाहून घ्या. दोन्ही भाषांत तेच दिसलं तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातल्या मूळच्या अडचणीची, शंका रास्त आहे, आणि लहान गटातली जादा मदत लगेच सुरू करावी. अक्षरांच्या मदतीला इंग्रजी सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही.

पालकांना घरी इंग्रजी बोलायला सांगू नका. जी भाषा आईवडिलांना सहज येत नाही त्या भाषेत ते मुलाशी कमी बोलतात आणि तुटक बोलतात. मुलाच्या वाट्याची गोष्ट, वाद, स्पष्टीकरण सगळं आटतं. घरच्या भाषेत 'बाष्पीभवन' समजलेल्या मुलाला इंग्रजीत फक्त नाव शिकायचं असतं. न समजलेल्याला दोन्ही. पालकांना सांगा: तुमच्या भाषेत वाचून दाखवा, भरपूर बोला, आणि मूल ज्या विषयावर शाळेत वाचतंय त्यावर घरी विचारा.

आता कोर्स. बाजारात दोन प्रकार आहेत. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे कोर्स बहुतेकदा असं धरून चालतात की विद्यार्थ्याला वाचता येतं, फक्त भाषा येत नाही. त्यांचा भर मोठ्यांवर असतो. फोनिक्सचे कोर्स असं धरून चालतात की भाषा येते, फक्त वाचता येत नाही. तुमच्या मुलांना दोन्ही येत नाही. एक तुम्ही केला आहे, तेव्हा दुसरा करायचा तर भाषाशिक्षणाचा, आणि तोही लहान मुलांसाठीचा निवडा. प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: प्रत्यक्ष मुलांचं वाचन ऐकून त्यावर बोलण्याचा सराव आहे का? नसेल तर पैसे राखून ठेवा.

त्यापेक्षा जास्त शिकवतं ते असं: पालकांची परवानगी घेऊन दोन-तीन मुलांचं वाचन महिन्यातून एकदा रेकॉर्ड करा, घरी शांतपणे ऐका, प्रत्येक अडखळण्यापुढे 'अक्षर' की 'भाषा' लिहा. जमलं तर दुसऱ्या शिक्षकालाही तेच रेकॉर्डिंग द्या आणि खुणा ताडून पाहा. जिथे तुमचं एकमत होत नाही तिथेच शिकण्यासारखं असतं. जोडीला स्वतःचा कान तयार करा. 'बॉक्स'मध्ये अक्षरं तीन पण आवाज चार. 'थॉट'मध्ये अक्षरं सात आणि आवाज तीन. रस्त्याने जाताना पाट्या वाचून असे आवाज मोजत चला.

राहिलं इयत्तेचं पुस्तक. ते टाळता येत नाही आणि टाळूही नये, नाहीतर ही मुलं कायम सोप्या पानांवर राहतील. पण त्या पानावर अक्षरओळख शिकवायला जाऊ नका. फोनिक्सच्या तासाला मुलांचे गट पातळीनुसार पाडा, रोज वीस-पंचवीस मिनिटं, आणि गट दर काही आठवड्यांनी बदला. इयत्तेच्या धड्याच्या वेळी मात्र गट मोडा, सगळे एकत्र. धडा तुम्ही वाचून दाखवा, मुलांची नजर ओळीवर. आधी विषयाची दोन-तीन मिनिटं ओळख, चालेल त्या भाषेत. प्रत्येक परिच्छेदाला थांबून जोडीजोडीने बोलणं, आणि जोडीत शक्यतो एक जण इंग्रजीत थोडा पुढे असलेला. उत्तर देताना आधार म्हणून अर्धं वाक्य फळ्यावर ठेवा, 'ते असं झालं, कारण...' या घडणीचं, इंग्रजीत. शेवटी धड्यातला फक्त एक परिच्छेद निवडा, आणि तो प्रत्येक मूल स्वतः वाचेल, आपापल्या पातळीच्या मदतीने. अक्षरांत अडकलेल्या मुलासाठी त्यातल्या दोन ओळी पुरेत. घडाघडा वाचणाऱ्याला वाचल्यावर एकच काम द्या: यातलं एक वाक्य निवड आणि ते शेजाऱ्याला तुझ्या शब्दांत सांग.